फक्त तोंड हलव

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षांत पाच-सहा हजार माणसांना तरी दात दिले असतील, पण स्वतःच्या एकाही फोटोत दात दाखवलेले नाहीत. हे कवळ्या बनवतात. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लहान खोली आहे. तिच्यात एका बाजूला ह्यांचं टेबल, दुसऱ्या बाजूला पॉलिशचं मशीन, आणि मशीनवर मी. डॉक्टरीणबाई माप घेतात, हे प्लास्टरचा साचा ओततात, मेणावर एकेक दात बसवतात, आणि शेवटी कवळीला चमक आणायचं काम माझं. भिंतीवरच्या फळ्यांवर नंबर टाकलेले प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आहेत. अर्ध्या वस्तीची तोंडं आमच्या भिंतीवर आहेत, आणि रस्त्यात कोणी नाक वर करून गेलं की मी मनात म्हणते, जा बाई, तुझा खालचा जबडा आमच्याकडे तिसऱ्या फळीवर आहे.

ह्यांचं सगळं मला ठाऊक आहे असं मी समजत होते. फक्त ह्यांचा गाण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण साधं गुणगुणणंसुद्धा नाही. आमची मुलगी तान्ही होती तेव्हा तिला झोपवायची पाळी ह्यांची आली की हे तिला खांद्यावर घेऊन आकडे म्हणायचे: साठ, एकसष्ट, बासष्ट. कवळी बसवून बघताना माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, कारण त्यातल्या प्रत्येक आकड्यात ‘स’ येतो. पुढचे दात केसभर जरी चुकले तरी त्या ‘स’ची शिट्टी होते. पोरगी सदुसष्टपर्यंत झोपायची. मला वाटायचं, माणूस कामात किती बुडालाय बघा. मूर्ख होते मी.

दोन वर्षांपूर्वी त्याच पोरीने ह्यांच्या फोनमध्ये एआयचं गाणी बनवायचं ॲप टाकून दिलं. आमच्या कामात थांबणं फार असतं. कवळीचा डबा गरम पाण्यात ठेवला की दोन-दोन तास त्याला हात लावता येत नाही. त्या वेळात ह्यांनी पहिलं गाणं केलं ते अक्कलदाढेवर. चार ओळी लिहिल्या, वाद्यं निवडली, आणि मिनिटभरात कुठलीशी बाई दाढदुखीचं दुःख असं आळवून गायला लागली की जणू तिचा नवराच परागंदा झालाय. ह्यांनी ते अकरा वेळा ऐकलं. मी मोजत होते, कारण माझं मशीन ह्यांनी बंद करायला लावलं होतं.

मग वेडच लागलं. एआयला ‘ळ’ म्हणता येईना, ‘कवळी’ची ‘कवली’ व्हायची, तर तो शब्द सात तऱ्हांनी लिहून बघितला, पण म्हणवून घेतलाच. गाणी झाली, मग व्हिडिओ आले, आणि तिथे ह्यांच्या डोक्यात राख गेली. एआयने केलेली बाई हसली की तोंडात चाळीस दात. दोन्ही सुळे एकाच बाजूला. मध्यरेषा पार गालाकडे सरकलेली. इतर लोक अशा व्हिडिओत बोटं मोजतात म्हणे, आमच्याकडे दात मोजले जायचे. ‘पुढचे दोन मोठे, त्यांच्या शेजारी दोन लहान, मग सुळा,’ असं हे त्याला पुन्हापुन्हा लिहून समजवायचे. एकदा त्याने वैतागून की काय, नुसते दोन दात असलेला माणूस काढून दिला. ह्यांनी नाद सोडला नाही. शेवटी दात जमले, आणि ते अक्कलदाढेचं गाणं डॉक्टरीणबाईंनी बाहेर बाकांसमोरच्या टीव्हीवर लावायला घेतलं. दाढ धरून बसलेली माणसंसुद्धा हसायची.

पण एक गोष्ट मला खटकत होती. इतर गाण्यांना आवाज कोणाचाही चालायचा, आणि अधूनमधून मात्र हे एखादी ओळ एका लहान मुलाच्या आवाजात करून घ्यायचे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या. डोळे मिटून ऐकायचे, ‘हा नाही’ म्हणायचे आणि पुसून टाकायचे. असे शंभरेक आवाज पुसले असतील. एक दिवस माझा पारा चढला.

“अहो, गाणं करताय की हरवलेलं पोर शोधताय?”

“पोरच शोधतोय,” हे म्हणाले. आणि मग मशीन बंद करायला सांगून त्यांनी मला ते सांगितलं.

पाचवीत असताना शाळेच्या समूहगीताची कॅसेट निघणार होती. बेचाळीस मुलं, चौदा-चौदाच्या तीन रांगा. हे तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेला. गाणं बसवणारे गाणेमास्तर हातात पट्टी घेऊन रांगांमधून फिरायचे आणि एकेकाच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचे. ह्यांच्यापाशी ते थांबले. पट्टी ह्यांच्या छातीला टेकवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “तू फक्त तोंड हलव. आवाज काढायचा नाही.” काढून टाकलं नाही, कारण कॅसेटवर छापायला फोटो काढायचा होता आणि रांग अपुरी दिसली असती. पोरं फिदीफिदी हसली. हे तोंड हलवत उभे राहिले.

कॅसेट घरी आली. ह्यांच्या आईंनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली. “ऐका, ह्यात आमच्या पोराचा आवाज आहे,” म्हणायच्या. ह्यांनी सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंनी शेवटच्या आजारपणातसुद्धा ती कॅसेट लावून घेतली होती, आणि उशाशी बसलेल्या माझा हात दाबून म्हणाल्या होत्या, हा बघ, हा तुझा नवरा. मीही खुशाल मान डोलावली होती. कान लावून ऐकलंसुद्धा होतं, कुठला तो म्हणून.

“त्यानंतर मी गायलोच नाही,” हे म्हणाले. “कसा होता तो आवाज, मलाच आठवत नाही. आई गेली. आता तो ऐकलेला एकच माणूस उरलाय.”

डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं काम करणारा, शब्दाने कोणाला न दुखवणारा माणूस, आणि त्याला सत्तेचाळीस वर्षं मुकं केलं कोणी, तर हातात पट्टी असलेल्या एका मास्तराने. मला राग धरता येतो, ह्यांना येत नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

यंदा डॉक्टरीणबाईंनी एक माप आत पाठवलं, वरचं आणि खालचं, पूर्ण कवळीचं. सोबतची चिठ्ठी ह्यांनी वाचली आणि माझ्यापुढे धरली. नाव गाणेमास्तरांचं. वय ऐंशी. खाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात, दीड महिन्यावर सत्कार आहे, त्याआधी हवी.

“पुढचे दोन जरा बाहेर बसवा,” मी लगेच म्हणाले. “सत्काराच्या भाषणात प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजू दे.”

“नाही.”

“अहो, केसभर फक्त.”

“दात हे माझं काम आहे,” हे म्हणाले. “कामात खोट करणार नाही.” आणि त्यांनी त्या माणसासाठी जी कवळी बसवली, तशी आजवर कोणाची बसवली नसेल. प्रत्येक दाताला किंचित वेगळा कल दिला, एकाचा कोपरा जरासा झिजवला, खरा वाटावा म्हणून. मी दातओठ खात बघत होते.

मेणावरची कवळी लावून बघायला मास्तर आले. उंच, ताठ, पांढरे केस नीट मागे वळवलेले. ह्यांनी कवळी बसवली, आरसा दिला, साठपासून मोजायला लावलं. एकही ‘स’ घसरला नाही. मास्तर खूश झाले.

“मास्तर, मला ओळखलंत?” ह्यांनी विचारलं.

“आमच्या शाळेतले का तुम्ही? हजारो पोरं गेली हो हाताखालून.”

“समूहगीतात होतो. कॅसेट निघाली त्या वर्षी. तिसऱ्या रांगेत, कडेला.”

“अरे वा. गायचात म्हणजे.”

“नाही. तुम्ही फक्त तोंड हलवायला सांगितलं होतंत.”

मास्तर हसले. ह्यांनीच बसवलेल्या दातांनी, दिलखुलास हसले. “असे दोन-चार असायचेच दरवर्षी. काय करणार, रांग भरलेली दिसायला लागते.” आणि लगेच पुढे म्हणाले, “बरं, बाहेर टीव्हीवर ते दाढेचं गाणं लागतं, ते तुम्ही केलंत म्हणे?”

हे हो म्हणाले. मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांचं म्हणणं असं होतं की सत्काराला त्यांनी तेच समूहगीत एकट्याने गावं असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण श्वास पुरत नाही, आवाज कापतो. त्यांच्या तरुणपणच्या गाण्यांची एक कॅसेट घरी आहे. त्या आवाजात एआयकडून गाणं करून घेतलं, आणि ते माइकसमोर नुसते उभे राहिले, तर कोणाला कळणार आहे? मागे पडद्यावर त्या वेळचा फोटोही हलता करता आला तर बहार येईल.

“म्हणजे तुम्ही फक्त तोंड हलवणार,” हे म्हणाले.

“हो, तेवढंच,” मास्तर म्हणाले. त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नाही.

“करतो.”

मास्तर गेल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. जो उठतो तो तुम्हाला पायपुसणं करतो, आणि तुम्ही आपलं हो म्हणता, असं बरंच काही बोलले. हे साचा घासत बसले. एवढंच म्हणाले, “दोन-चार असायचेच म्हणे.” ते वाक्य त्यांनी त्या दिवशी तीनदा म्हटलं.

गाणं तयार झालं. सांगायला जिवावर येतं, पण फार सुंदर झालं. मास्तरांचा जुना आवाज एआयने अगदी तंतोतंत उचलला होता. मास्तर आठ-दहा दिवस रोज दुपारी आमच्या खोलीत येऊन आरशासमोर सराव करायचे. हे समोर स्टुलावर बसून त्यांचे ओठ बघायचे. ओठ बघण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. “‘उजेडाच्या वाटेवरती’ म्हणताना जबडा आणखी खाली येऊ द्या, मास्तर. इथे श्वास घेतल्यासारखं करा.” नवीन दातांच्या हौसेने मास्तर मध्येच खरंच गायला लागायचे, तेव्हा हे हात वर करायचे. “आवाज नको. फक्त तोंड हलवा.”

मी म्हटलं, एवढाच सूड? रोज दहा वेळा ते वाक्य म्हणायला मिळालं म्हणून आमच्या साहेबांचं पोट भरलं? मला ते फारच थोडं वाटत होतं.

सत्काराच्या चार दिवस आधी ह्यांनी मला एक कवळी पोचवायला वृद्धाश्रमात पाठवलं, दोन बस बदलून जावं लागतं तिथे. एरवी ती माणसं स्वतः घेऊन जातात. परत आले तर खोलीला आतून कडी. दार उघडलं तेव्हा ह्यांचा चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि घसा बसलेला. “प्लास्टरची धूळ,” म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

कार्यक्रम सकाळी अकराला होता. शाळेच्या सभागृहात पाचशे तरी माणसं असतील, जुने विद्यार्थी, शिक्षक, कुठून कुठून आलेले. ह्यांनी स्पीकरवाल्याकडे पेन ड्राइव्ह दिला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. बरोबर तिसरी रांग, डाव्या कडेच्या खुर्च्या. मास्तर माइकसमोर उभे राहिले. मागच्या पडद्यावर तो फोटो उमटला आणि मुलांचे ओठ हलायला लागले. प्रत्येकाच्या तोंडात जिथल्या तिथे दात. फक्त तिसऱ्या रांगेतला कडेचा मुलगा तोंड मिटून शांत उभा होता. वाद्यं सुरू झाली, मास्तरांनी श्वास घेतल्यासारखं केलं आणि तोंड उघडलं.

आवाज त्यांचा नव्हता.

जाडाभरडा, मध्यमवयीन, सुराच्या शेजारून चालणारा आवाज. अंधारात जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि एक पायरी शिल्लक असावी, तसा तो प्रत्येक ओळीच्या शेवटी दचकत होता. मी ओळखला. ह्या आवाजाने माझी पोरगी झोपायची. साठ, एकसष्ट म्हणणारा तोच आवाज. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले.

मास्तरांचे डोळे क्षणभर स्पीकरकडे गेले. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. तोंड मिटलं असतं तर त्याच क्षणी पाचशे माणसांना कळलं असतं की गाणं मशीनमधून येतंय. म्हणून त्यांनी तोंड हलवत ठेवलं. सरावच तसा पक्का झाला होता, जबडा बरोबर खाली, श्वास बरोबर जागेवर. चारही कडवी. दिव्यांच्या उजेडात ते दात असे चमकत होते की पॉलिश केल्याचं सार्थक झालं. वरचा सूर आला की आवाज खालीच राहायचा आणि मास्तरांची मान मात्र सवयीने वर जायची.

पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिका मांडीवरच्या कागदाकडे बघत राहिल्या. आमच्या मागे कोणी तरी हळूच म्हणालं, “वय झालं हो. सूर सुटतोच.” गाणं संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ती नुसती कीव होती, आणि मास्तरांना टाळी आणि कीव ह्यांतला फरक कळतो. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत होता. ‘एके काळी काय आवाज होता.’ ‘ऐकून वाईट वाटलं.’ ‘गायला लावायला नको होतं.’

मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. ऐंशी वर्षांच्या माणसाचा भर सभेत पोपट झाला आणि मला इतकं गार वाटलं की काय सांगू. सासूबाई असत्या तर त्यांच्या उशाशी तो व्हिडिओ लावला असता आणि म्हटलं असतं, ह्यात आहे, ऐका.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, “वरचा सूर बाकी छान चुकवलात. मुद्दाम.”

“मुद्दाम नाही,” हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मी अगदी जीव लावून गायलो.”

आठ दिवसांनी मास्तर आले. नवी कवळी हिरडीला कुठे तरी लागतेच, प्रत्येकाला यावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत पाठवलं. मी मशीन बंद केलं नाही, पण पायाने वेग कमी केला. मास्तर खुर्चीत बसले.

“तिसरी रांग, डावी कड,” मास्तर म्हणाले. “वरच्या सुराला कायम खाली राहायचास. पहिल्या ओळीलाच ओळखलं मी.”

ह्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. शंभर आवाज करून जो सापडला नव्हता, तो ओळखणारा समोर बसला होता.

“चेहरा नाही आठवला तुझा,” मास्तर म्हणाले. “आवाज आठवला. इतक्या वर्षांनी तसाच.” मग त्यांचा आवाज उतरला. “आता एक कर. ग्रुपवर लिही की तो मी नव्हतो. सगळी हयात सुरात गेली रे माझी. शेवटी लोकांनी हे लक्षात ठेवायचं?”

ह्यांनी त्यांच्या तोंडातून कवळी काढली. लागत होती ती जागा पेन्सिलीने खुणावली, केसभर घासली, माझ्याकडे दिली. मी पॉलिश केलं. नीटच केलं. ह्यांनी ती धुऊन पुन्हा बसवली.

“साठपासून मोजा.”

मास्तरांनी मोजलं. सत्तरपर्यंत सगळे ‘स’ स्वच्छ आले.

“लागतंय कुठे?”

“नाही.”

“बोलायला काही अडचण?”

“नाही. उत्तम आहे.”

“मग तुम्हीच सांगा की सगळ्यांना,” हे म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात. “आवाज दुसऱ्याचा होता, मी फक्त तोंड हलवत होतो, म्हणून.”

मास्तर उठले, आरशात न बघताच गेले.

तेव्हापासून हे काम करताना गातात. एआयची नवी वाद्यं लावतात आणि वर स्वतः गातात, साचा उकळेपर्यंत, दोन-दोन तास. कान किटतात माझे, पण मशीन मी बंद ठेवते. आज चार महिने झाले. ग्रुपवर मास्तरांनी अजून काही सांगितलेलं नाही.